महालक्ष्म्यांखालचा पियानो

पडद्यावरचा नट पियानोपुढं बसला की आमच्या घरातली पोरं लगेच म्हणतात, "आजी, हा नुसते हात हलवतोय, वाजवणारा दुसराच असतो." असेल. पुष्कळदा तसंच असतं, हे मलाही कळतं. पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं की माझं डोकं फिरतं. पडद्यावर घटकाभर पियानोपुढं बसता यावं म्हणून जिवाचं रान केलेला एक नट मी स्वतः बघितलाय. तेही कुठं लांब नाही, सेलूला, आमच्या घरात, ऐन महालक्ष्म्यांत.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी लग्न होऊन सेलूला आलेली, एका लेकराची आई. आमची शेती गावाकडं आणि सेलूला कापसाची जिनिंग. ती माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतली होती. साहेबानं जाताना बंगला झाडून रिकामा केला, पण दिवाणखान्यातला पियानो तेवढा मागं राहिला. तीन पायांचा, काळाभोर, बसलेल्या म्हशीएवढा. दारातून निघेना म्हणून राहिला, की साहेबालाच त्याचा कंटाळा आला होता, देव जाणे. आमच्यात तो कुणालाच वाजवता येत नव्हता. घरात त्याचं नाव 'साहेबाची पेटी'.

बंगल्यात आल्या वर्षी भादव्यात सासूबाई महालक्ष्म्या बसवायला ऐसपैस जागा शोधत होत्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आमच्या महालक्ष्म्या चांगल्या उंच. पत्र्याच्या कोठ्या, त्यांत गहू भरायचे, वर पितळी मुखवटे ठेवायचे आणि मग लुगडी नेसवायची. साहेबाची पेटी रुंद, सपाट आणि कमरेच्या उंचीची. आत्याबाईंनी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, पाट मांडले आणि थोरलीला नि धाकटीला वर उभं केलं. आता आमच्याकडं महालक्ष्म्यांची जागा एकदा ठरली की ती बदलत नाहीत. झालं. तेव्हापासून दर वर्षी पियानोवर महालक्ष्म्या आणि एरवी त्याच्यावर पाटवरवंटासुद्धा ठेवायचा नाही असा दंडक. इतका मोठा मान त्या साहेबानंसुद्धा त्याला दिला नसेल.

आता त्या नटाविषयी. त्यांचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडं त्यांना सगळे मास्तर म्हणत. कापसाच्या हंगामात त्यांची नाटक कंपनी दर हिवाळ्यात सेलूला यायची आणि आमच्या जिनिंगच्या आवारात तंबू ठोकायची. मास्तर नायिकेचं काम करायचे. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड बसून बघायचो आणि घरी आलो की आरशापुढं उभ्या राहायचो. पदर खांद्यावरून कसा घ्यायचा, बसताना निऱ्या कशा सावरायच्या, रागावून मान कशी फिरवायची, हे सेलूतल्या अर्ध्या सुना मास्तरांकडून शिकल्या. आमच्या आयांनी शिकवलेलं आम्ही खुशाल विसरलो. एका नाटकात तर नायिका स्वतः ऑर्गनवर बसून गाते असा प्रवेश होता. ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायची मोठी पेटी. मास्तर लुगडं नेसून, नाकात नथ घालून बसायचे, खाली पाय चालायचे, वर दोन्ही हात चालायचे आणि तोंडानं गाणं. तंबूत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. एवढी कला एका माणसात देवानं कशी कोंबली याचं मला आजही नवल वाटतं.

पण दिवस पालटले. बोलपट आले. नाटकांत बायका काम करायला लागल्या. आमच्याकडं खेळ लावायचा तर कचेरीची इजाजत मिळवता मिळवता कंपनीचा मालक रडकुंडीला यायचा. त्या वर्षी पावसाळ्यात कंपनी आमच्या रिकाम्या गोदामात उतरली ती मोडकळीला येऊनच. रोज एकेक माणूस आपलं गाठोडं उचलून आगगाडीत बसायचा. मास्तर पस्तिशी ओलांडलेले. नायिकेचं काम आता खरी बाई करणार, आणि नायकाला लागतो तसा रांगडा आवाज त्यांच्याकडं नाही. आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. असा माणूस जाणार कुठं?

तेवढ्यात, महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी, मास्तरांना तार आली. कोल्हापूरकडच्या एका सिनेमा कंपनीनं बोलावलं होतं. काम होतं एका संगीतशिक्षकाचं, पुरुषाचंच. हा शिक्षक पियानो वाजवतो. त्यांना असा नट हवा होता की कॅमेरा हातांवरून सरळ तोंडावर नेला तरी फसगत दिसू नये. त्यांनी आधी विचारलं होतं, पियानो येतो का? मास्तरांनी कळवून टाकलं होतं, येतो. पियानोला त्यांनी जन्मात बोट लावलेलं नव्हतं. ऑर्गन येतो तर पियानोही येईल, असा त्यांचा हिशेब. आता तारेत लिहिलं होतं की ताबडतोब या, आल्याबरोबर वाजवून दाखवा. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळची गाडी धरली तरच वेळेवर पोचता येत होतं. आणि पुऱ्या परभणी जिल्ह्यात आमच्या माहितीचा पियानो एकच होता.

मास्तर ओसरीवर येऊन मामंजींशी बोलले. मामंजी आत आले. आत्याबाई दारापासून दिवाणखान्यापर्यंत रांगोळीची पावलं काढत होत्या.

"मास्तर साहेबाची पेटी मागायलेत," मामंजी म्हणाले.

"कामून?"

"शिकायची म्हणायलेत. सिनेमात काम मिळायलंय त्यायला."

आत्याबाईंनी मान वर केली. "माझ्या लेकी माहेराला येऊन बसायल्यात तिच्यावर. उठा म्हणू का त्यायला?"

मामंजी वळले. ते बाहेर जाऊन 'जमत नाही' म्हणणार होते, तोवर मास्तरच दिवाणखान्याच्या दाराशी आले. डोक्यावर टोपी आणि टोपीखाली नायिकेच्या कामासाठी वाढवलेल्या लांब केसांचा अंबाडा. त्यांनी आधी पियानोवरच्या रिकाम्या पाटांना नमस्कार केला आणि मग आत्याबाईंना.

"आत्याबाई, त्यांना उठवू नका. त्या वर बसू देत. मी खाली बसून वाजवीन."

"आन् वाजवताना त्या हलल्या म्हंजे?"

हे परक्याला कळायचं नाही म्हणून सांगते. महालक्ष्मी पाठवणीच्या दिवशी मुखवटा हातानं थोडा हलवतात. मुखवटा हलला की देवी निघाली. मग जेवणाआधीच पेटीच्या दणक्यानं मुखवटा हलला, तर लेक उपाशीपोटी माहेरातून उठून गेली असं झालं. आत्याबाईंना याची धास्ती वाटणं साहजिक होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती.

मास्तर म्हणाले, "हलू देणार नाही. शब्द देतो."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. किती हिवाळे त्यांनी या माणसाला दुःखात बघितलं होतं, सासुरवासात बघितलं होतं, नवऱ्यानं टाकलेलं बघितलं होतं! सगळं नाटकातलं, पण आत्याबाईंनी दर वेळी पदर डोळ्याला लावलेला. शेवटी त्या म्हणाल्या, "सूनबाई थोरलीच्या नथीकडं बघत बसंल. मोती हलला की तुमी हात उचलायचा. कबूल?"

"कबूल."

दुपारी महालक्ष्म्या वाजतगाजत आत आल्या, पाटांवर चढल्या. लुगड्यांचे सोगे पुढं सोडलेले होते ते मी टाचून बाजूला घेतले आणि मास्तरांनी पुढचं झाकण उघडलं. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. काही मुक्याच झालेल्या, काही ओलीनं फुगून दाबल्या तिथंच बसणाऱ्या. मास्तरांनी एकेका पट्टीला बोट लावलं, कोणती जिवंत आहे ते बघून घेतलं आणि दोन्ही हात ठेवले.

आणि त्यांचे पाय चालायला लागले! खाली भाता नाही, काही नाही, पण ऑर्गनची सवय. माणूस वर वाजवतोय आणि खाली रिकामाच सायकल मारतोय. मला हसू फुटलं. मास्तरही हसले आणि पाय मांडी घालून वर घेतले. पण पुढं हसण्यासारखं काही राहिलं नाही. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की सूर तसाच राहतो. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो. मास्तर सूर धरायला जायचे आणि सूर हातातून निसटून जायचा. मग ते चिडून जोर लावायचे आणि मी ओरडायचे, "मोती!" की हात वर.

पहिल्या दिवशी मी इतक्या वेळा "मोती" म्हणाले की माझं लेकरूही पाळण्यातून "मोती, मोती" करायला लागलं. मास्तर एकदाही माझ्यावर वैतागले नाहीत. एवढा नावाजलेला माणूस, मी काल आलेली सून, पण मी मोती म्हटलं की हात वर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, एवढंसं हललं तर काय होतंय. मास्तरांनी शब्द दिला होता आणि तो ते बोटाबोटानं पाळत होते. जोर लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी वेगळीच वाट काढली. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्या शेजारी नेऊन ठेवायचा, अगदी अलगद. दिवस मावळेपर्यंत दोन-तीन सूर एकमेकांचा हात धरून चालायला लागले. मी मोत्याकडं बघायचं विसरून बोटांकडं बघत बसले, मग दचकून वर बघितलं, तर मोती जागच्या जागी.

दुसरा दिवस जेवणाचा. घरात पुरणाचा घाट, सोळा भाज्या, वर टांगलेला करंज्या-सांजोऱ्यांचा फुलोरा आणि सगळ्या गावच्या बायकांची हळदीकुंकवाला रीघ. मास्तर उठायला लागले. बायकांच्या गर्दीत पुरुषानं बसावं कसं?

"बसा तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची गाडी उद्या हाय. बायका काय खायल्यात का तुमाला?"

मग ते भिंतीकडं तोंड करून वाजवत बसले. उकाडा होत होता म्हणून टोपी काढून ठेवलेली. पांढरं उपरणं खांद्यावर आणि मानेवर अंबाडा. आत्याबाईंच्या माहेरची, चारठाण्याची एक म्हातारी काकू आली होती. आत्याबाईंनी करंडा तिच्या हाती दिला. ती ओळीनं एकेकीला हळदीकुंकू लावत पियानोपाशी आली आणि तिनं मास्तरांच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडं फिरवलं. आधी हळद लावली, मग कुंकू. पुरुषाला कुंकवाचं बोट लावतात, पण हळद लावत नाहीत. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काकूच्या मात्र गावीही नव्हतं. तिनं तंबूत मास्तरांना बाईच्या रूपातच बघितलेलं, तिच्या लेखी ती बाईच होती. "किती वाळलीस गं," असं म्हणून ती पुढं सरकलीसुद्धा.

कुणी तरी फिस्सकन हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान वाकवून काकूला नमस्कार केला, कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं आणि पुन्हा वाजवायला लागले. त्यांच्या जागी मी असते तर लाजून तोंड लपवलं असतं. त्या माणसाला लाजायचं कारणच वाटलं नाही, याचंच मला फार कौतुक वाटलं. नंतर बायकांनी आरती धरली तेव्हा त्यांनी हलकेच सुरांची साथ दिली. साहेबाच्या पेटीतून महालक्ष्मीची आरती निघायला लागली आणि आत्याबाई टाळ्या वाजवायच्या थांबून नुसत्या ऐकत राहिल्या.

पण त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मास्तर मला म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? हे असं दबकून वाजवून भागायचं नाही. तिकडं म्हणतील, वाजवा, सगळी खोली भरून टाका. एकदा तरी पूर्ण हातानं वाजवलं नाही, तर मला ते जमतं की नाही हे मलाच कळायचं नाही." त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी हे आत्याबाईंच्या कानावर घातलं.  त्या देवीपुढं वात सारत बसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाठवणीची तयारी झाली. दोऱ्याच्या गाठी पाडून झाल्या, दहीभाताचा नैवेद्य झाला. रिवाज असा की घरातल्या कर्त्या बाईनं अक्षता टाकून मुखवट्याला हात लावायचा. आत्याबाईंनी अक्षता मुठीत घेतल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "मास्तर, इकडं या. बसा."

मास्तर बसले.

"लेकींची निघायची वेळ झाली. आता हात आखडू नका. तुमीच हलवा त्यायला."

मास्तरांना क्षणभर काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि मग पट्ट्यांवर असे टाकले की मी दचकून मागं सरकले. दोन दिवस कोंडलेला जोर होता तो. सगळा दिवाणखाना सुरांनी भरून गेला, खिडक्यांच्या काचा वाजल्या, जिनिंगमधली माणसं धावत दारात आली. मुक्या पट्ट्या टाळून त्यांची बोटं धावत होती. थोरलीच्या नथीचा मोती थरथरायला लागला आणि पहिल्यांदाच मी "मोती" म्हणाले नाही. वर फुलोऱ्यातल्या करंज्या एकमेकींवर आपटल्या. मग थोरलीचा मुखवटा हळूच पुढं कलला, आणि पाठोपाठ धाकटीचा. अगदी मान डोलवून 'येते' म्हटल्यासारखं. आत्याबाईंनी अक्षता टाकल्या. पुढल्या वर्षी लवकर या, असं त्यांनी दोघींना सांगितलं. मला तर रडू आवरेना, आणि मास्तर वाजवत होते, त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अशी पाठवणी मी आधी बघितली नाही आणि नंतरही नाही.

हात थांबले तेव्हा मास्तर इतकंच म्हणाले, "जमतंय."

निघताना आत्याबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं आणि सोबत करंज्यांचं गाठोडं दिलं. अंबाड्याकडं बघत म्हणाल्या, "ह्ये केस काय करणार?"

"पुरुषाचं काम आहे, आत्याबाई. तिथं गेल्यावर कापावे लागतील."

"सगळेच?"

"सगळेच."

आत्याबाईंनी तोंड फिरवून घेतलं. मामंजी मास्तरांना टेशनावर सोडून आले.

पुढं काय झालं ते कळायला वर्ष उलटून गेलं. मग परभणीहून आलेल्या एका अडत्यानं सांगितलं की मास्तरांचं काम असलेला बोलपट तिथल्या पत्र्याच्या थेटरात लागलाय, आणि दुपारी बायकांसाठी वेगळा खेळ आहे. आत्याबाईंनी आयुष्यात सिनेमा बघितला नव्हता, त्याला त्या सावल्यांचा बाजार म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. आम्ही दोघी आणि शेजारच्या बायका सेलूहून गाडीनं परभणीला गेलो.

अंधार झाला, पडदा उजळला. गोष्ट बरीच पुढं गेल्यावर एक मोठा दिवाणखाना दिसला आणि त्यात पियानो. त्यापुढं एक माणूस बसला होता, कोट घातलेला, बारीक केस कापलेला, ओठावर मिशी. मग जवळून नुसते हात दिसले. ते वाजवत राहिले, आणि तसंच न थांबता वर जात तोंड दिसलं. मध्ये कुठं तुटलं नाही, कुठं चोरी नाही.  मी आत्याबाईंचा हात गच्च दाबला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "भिऊ नको, अंधार हाय नुसता."

खेळ सुटला. आत्याबाई बाहेर आल्या त्या फणफणतच. "एवढ्या लांब बोलावून घेतलं आन् कामच दिलं न्हाई त्यायला! एवढ्या गुणी माणसाला! त्यायची बाई कुटं दाखवलीच न्हाई की. लबाड लोक." टेशनापर्यंत सिनेमावाल्यांचा उद्धार चालू होता. बाकीच्या बायकाही माना हलवत होत्या. मास्तरांच्या पदराची चुणीन् चुणी पाठ असलेल्या बायका, पण एकीनंही त्यांना ओळखलं नव्हतं.

गाडी हलल्यावर मी सांगितलं, "आत्याबाई, ते होते की. पियानो वाजवत होते ते मास्तरच."

"तो मिशावाला?"

"हो."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. कापसाची रानं मागं सरकत होती. मानवत रोडचं टेशन गेलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "कसं वाजवलं गं त्यानं?"

"लय चांगलं वाजवलं, आत्याबाई."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"म्या बघितलंच न्हाई त्याच्याकडं. केस कापणार म्हणले होते, तरी म्या आपली समदा येळ बाईलाच हुडकायले होते." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्या परत येऊ."